विसरले, की ऐकूच आले नाही?

पंच्याऐंशी ओलांडलेल्या आजींना सकाळचा निरोप दुपारी आठवत नाही आणि घरातील मंडळी ‘आता वय झाले’ म्हणून विषय सोडून देतात. वाचकहो, तत्पूर्वी एक शंका मनात आणावी. तो निरोप त्यांच्या कानापर्यंत नीट पोहोचला होता का? अर्धवट ऐकू आलेले शब्द जुळवण्यातच मेंदूची शक्ती खर्ची पडते. लक्षात ठेवण्यासाठी फारशी उरत नाही. पुढे अशी माणसे संभाषणच टाळू लागतात, आणि तो एकांत स्मृतीला अधिक मारक. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे, पण आटोक्यात आणता येतील असे १४ घटक नोंदवले. त्यांत श्रवणदोष, दृष्टिदोष आणि एकाकीपणाही आहे.

तेव्हा प्रथम डॉक्टरांकडून कानातील मळ पाहून घ्यावा, मग श्रवणचाचणी करावी. श्रवणयंत्र आणून कपाटात ठेवणारी घरे थोडी नाहीत! सुरुवातीस भांड्यांचा आवाजही नकोसा होतो, हे खरे. म्हणून शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना, रोज थोडा वेळ लावून सवय करावी. आपणही समोर बसून सावकाश बोलावे, ओरडू नये.

कान ठीक असूनही विसर पडत असेल, तर झोपेच्या व सर्दीच्या गोळ्यांसह सारी औषधे डॉक्टरांना दाखवावीत. ब-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइडच्या तपासणीविषयी विचारावे. मात्र दोन-चार दिवसांतच गोंधळ वाढला असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.