पहिल्या वर्गाची भुतं

आमच्या राणीसावरगावाला रेल्वे नाही. रूळ बघायचे तर गंगाखेड गाठावं लागतं. रेल्वेची भुतं मात्र गावात मुबलक! पारावर रात्री दोन माणसं टेकली, की तिसरं भूत हजर. तेही पांढऱ्या साडीत, रुळावरून चालणारं. गंगाखेडाहून ते इथवर कोणत्या यष्टीनं येतं, हे कुणी विचारत नाही.

भुतं आहेत की नाहीत, या वादात मी पडत नाही. नसलेली माणसं मतदारयादीत सापडतात, तर रुळावर का सापडू नयेत? माझं भांडण आहे ते भुतांच्या निवडीशी.

कालका-सिमला मार्गावर बडोग साहेबाचं भूत आहे म्हणतात. बोगद्याची दोन तोंडं जुळेनात, साहेबाला एक रुपया दंड झाला, त्यानं स्वतःला गोळी घातली, अशी आख्यायिका. बंगालात पुरुलियाकडे बेगुनकोदर स्टेशन आहे. तिथं बाईचं भूत दिसलं म्हणून १९६७ साली स्टेशनच बंद झालं, ते २००९ साली उघडलं. मधल्या काळात तिथून जाताना प्रवासी म्हणे खिडक्या लावून घेत. एका अदृश्य बाईनं बेचाळीस वर्षं गाडी थांबू दिली नाही. आमच्या दृश्य पुढाऱ्यांना गाडी आणवत नाही!

आता बोरघाट घ्या. १८५६ ते १८६३ तो डोंगर फोडला. १८६१ च्या सुमारास बेचाळीस हजारांवर मजूर तिथं राबत होते. पटकीनं, तापानं, सुरुंगांनी मेलेल्यांचा आकडा चोवीस हजारांच्या घरात सांगतात. त्यांच्यातल्या एकाचीही गोष्ट माझ्या कानावर नाही. साहेब एक मेला, त्याचं भूत झालं. मजूर हजारांनी मेले, त्यांचा घाट झाला.

पारावरच्या एका जाणकाराला हे विचारलं. तो म्हणाला, "मजुराचं भूत कशाला व्हईल जी? दिसभर खडी फोडल्यावर त्याला झोप लागती."

झोपेवरून आठवलं. ८ मे २०२० ची पहाट. टाळेबंदीत जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी जाण्यासाठी भुसावळची गाडी गाठायला रूळ धरून पायी निघाले होते. करमाडजवळ थकून रुळावरच झोपले. गाड्या बंद आहेत, असं त्यांना वाटलं. मालगाड्या चालू होत्या. सोळा माणसं गेली. सकाळी रुळावर पोळ्या विखुरलेल्या होत्या. तो फोटो साऱ्या देशानं बघितला.

परभणीहून संभाजीनगरला आपण याच मार्गानं जातो. पाच वर्षं होऊन गेली. त्या जागेची एक भुताटकी अजून माझ्या ऐकण्यात नाही. करमाड येतं, जातं. कुणी खिडकी लावून घेत नाही. उलट शेंगांची टरफलं बाहेर टाकायला ती उघडीच असते.