सातबारा (१) (१)

कळफलक

‘जागा भरली’ अशी ताकीद फोनने दिली की आपण दोनच गोष्टी करतो. ‘गुड मॉर्निंग’ची गुलाबं पुसतो, नाहीतर दरमहा पैसे मोजून आणखी जागा घेतो. गूगलने १ जून २०२१ पासून फोटोंची फुकट धर्मशाळा बंद केली आणि मेल, ड्राइव्ह, फोटो असा सगळा प्रपंच १५ जीबीत बसवायला लावला, तेव्हापासून हे भाडं अनेकांच्या मागे लागलंय. भरा बापडे. पण हवी ती फाइल त्याने सापडत नाही, कारण खरा घोळ नावांचा आहे.

कुणाचाही डाउनलोडचा फोल्डर उघडा. ‘सातबारा (१) (१)’, ‘स्कॅन००१२’, ‘अर्ज फायनल’, ‘अर्ज फायनल नवा’. व्हॉट्सॲपची तऱ्हा आणखी न्यारी: ‘आयएमजी-२०२४०३१५-डब्ल्यूए०००७’. ही तारीख फोटो तुमच्या फोनवर उतरल्याची. मामाने आज धाडलेला आजीच्या लग्नातला फोटो त्यामुळे आजच्याच बारशात जाऊन बसतो. शिवाय वाटेत फोटो दाबून लहान होतो आणि कुठे, कधी काढला ही आतली नोंदही गळते. जपायचे फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच मागवा.

फोल्डरांची उतरंड रचणाऱ्या शिस्तप्रिय मंडळींवर माझा फारसा विश्वास नाही. घरपट्टीची पावती ‘घर’मध्ये की ‘कर’मध्ये, इथेच गाडं अडतं. लॅपटॉपवरची ती उतरंड फोनवर कोण उपसणार? त्यापेक्षा नावातच सगळं घाला: ‘२०२५-०४-१० घरपट्टी पावती’. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. फाइली नावानुसार लावल्या की तारखांचा क्रम आपसूक लागतो, यंत्र कुठलंही असो. नाव देवनागरीत खुशाल ठेवा. जुन्या श्रीलिपीत किंवा कृतिदेवात टाइप केलेल्या फाइलींना तर नावाचाच आधार. आतला मराठी मजकूर यंत्राच्या लेखी रोमन अक्षरांचा चिवडा असतो, त्यात शोध काय लागणार?

आणि एक. फोन क्लाउडला जोडलेला असला की इथे पुसलेला फोटो तिथूनही जातो. गूगल फोटोज तो ६० दिवस कचरापेटीत ठेवतं, मग कायमचा राम. तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत सगळं एकदा हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. ती डिस्क मात्र लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवू नका. चोर बॅग उचलतो, आत काय आहे ते नंतर बघतो.

– कळलाव्या