वाईट दिवसाचा हिशेब

अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधणाऱ्यांची एक मोठी जमात आहे. 1953 साली स्थापन झालेली ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही त्यांची संघटना आणि विस्कॉन्सिनमधले ऑशकॉश हे त्यांचे पंढरपूर. आपल्याकडे चारकोपच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांनी हे वेड मराठी माणसाच्या ओळखीचे केले. 2016 च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते विमान मुंबईकरांनी पाहिले.

अमेरिकी कायद्याची अट अशी, की निम्म्याहून अधिक बांधकाम हौशी माणसाने स्वतः केलेले असावे. पंख, शेपटी, सांगाडा तो करतो. इंजिन मात्र बहुधा निवडावेच लागते. राइट बंधूंसाठी चार्ली टेलरने 1903 साली ते कारखान्यातच घडवले, पण तेव्हा बाजारात दुसरा पर्यायच नव्हता. आज पर्याय इतके आहेत, की वर्षानुवर्षे रिव्हेट मारणारा धीराचा माणूसही इथे येऊन अडतो.

पेनसिल्व्हेनियाच्या लायकमिंगचे इंजिन घ्यायचे, ऑस्ट्रियाचे हलके रोटॅक्स, की मोटारीचे स्वस्त इंजिन विमानाजोगे करून घ्यायचे? आणि त्याला इंधन कसे पुरवायचे?

जुनी स्कूटर चालवलेल्यांना कार्बोरेटर सांगायला नको. तो साधा, पंख वर असलेल्या विमानात इंधन नुसत्या उतारानेही त्याच्यापर्यंत पोचते. पण पेट्रोलची वाफ होताना आतली हवा गार पडते आणि दमट दिवशी, बाहेर वीस अंश तापमान असतानाही, आत बर्फ धरतो. वैमानिकाने वेळीच गरम हवेचा दांडा ओढला नाही तर इंजिन गुदमरते. यांत्रिक फ्युएल इंजेक्शनमध्ये प्रत्येक सिलिंडरपाशी स्वतंत्र, सारखे इंधन पोचते आणि कार्बोरेटरमधल्या बर्फाचे भय उरत नाही; मात्र त्याला दाबाने इंधन देणारा पंप लागतो, आणि तापलेले इंजिन बंद करून लगेच सुरू करू गेले तर नळ्यांतल्या वाफेमुळे ते रुसते. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनमध्ये इंधनाचे माप संगणक ठरवतो. इंजिन चटकन सुरू होते, इंधन वाचते. पण वीज गेली की इंजिनही गेले. म्हणूनच 2012 साली आलेल्या रोटॅक्स 912 आयएसमध्ये नियंत्रणाच्या दोन स्वतंत्र वाटा ठेवल्या आहेत.

2020 साली बीएस-6 नियम आल्यापासून आपल्या दुचाकींवरूनही कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. मग विमानात तो कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. दुचाकी बंद पडली तर ती ढकलत कडेला घेता येते. आकाशाला कडा नाही.

माझा जन्म बँकेत गेला. कर्जाचा अर्ज घेऊन येणारा प्रत्येक जण धंदा चालल्यावर नफा किती होईल हे कागदावर मांडून आणतो. अधिकाऱ्याने विचारायचे असते ते वेगळेच: धंदा बसला तर काय? इंजिन निवडणाऱ्याने स्वतःचाच अर्ज असा तपासावा. अश्वशक्ती, वेग, तासाला किती लिटर हा चांगल्या दिवसाचा हिशेब झाला. हे इंजिन कशाने बंद पडेल, पडण्याआधी काही खूण देईल का, आणि तेव्हा माझा हात कुठे जाईल, हा वाईट दिवसाचा.

कायदाही थोडा बँकेसारखाच वागतो. प्रमाणित इंजिन आणि त्याला मान्य असलेला पंखा बसवला, तर साधारणतः 25 तासांची चाचणी उड्डाणे पुरतात. नसेल तर 40. अनोळखी गिऱ्हाइकाकडून जादा जामीन मागावा, तसे हे 15 तास. मोटारीच्या इंजिनात वाचलेले पैसे मोजताना हे तासही मोजावेत. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन घेणाऱ्याने दुसरी बॅटरी, दुसरा पंप आणि विजेची दुसरी वाट यांचा खर्च व वजन धरूनच तुलना करावी. जोडी नसलेली नवी पद्धत स्वस्त नसते. ती उधारीवर असते.

आणि हे कर्ज एकट्याच्या नावावर नसते. गायक जॉन डेन्व्हर 1997 साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ कोसळले ते दुसऱ्याने बांधलेल्या विमानात. इंधनाची टाकी बदलण्याची कळ बांधणाऱ्याने वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. ती फिरवण्याच्या खटपटीत ताबा सुटला, असा चौकशीचा निष्कर्ष होता. इंधन पुरेसे न तपासणे हेही एक कारण होतेच. पण गॅरेजात कोणी तरी घेतलेला निर्णय त्याच्या हातून विमान गेल्यावरही विमानात राहिला होता.

‘हे विमान हौशी माणसाने बांधलेले आहे’ असा इशारा प्रवाशाला दिसेल असा लावावा लागतो. तो वाचूनही शेजारच्या आसनावर बसणारी बायको, मुलगा किंवा मित्र कार्बोरेटर की इंजेक्शन हे विचारीत नाही. तो माणसावर विश्वास टाकून बसतो. त्या विश्वासाला तारण एकच: बांधणाऱ्याने पुऱ्या समजलेल्या, स्वतः उघडून दुरुस्त करता येणाऱ्या यंत्राचीच निवड करणे. मग ते जुने असो वा नवे.