बोडकी टेकडी आणि कुऱ्हाड

पांढरकवड्याकडील एखादी बोडकी टेकडी दाखवून कोणी म्हणूं लागला कीं हिच्यावर साग कधीं झालाच नाहीं, तर गुराखी पोरही हंसेल आणि जमिनींत राहिलेले खुंट बोटानें दाखवील. पण हाच मनुष्य गांवांत येऊन कुणबी, माळी, तेली, सुतार, कोलाम यांच्या मुलांविषयीं म्हणतो कीं, यांच्या डोक्यांत विद्या शिरावयाचीच नाहीं, यांचा पिंडच तसा. तेव्हां मात्र आपण मान खालीं घालून ऐकून घेतों.

या बोलण्यास चोख उत्तर सुमारें तेवीसशें वर्षांपूर्वीं चीन देशांत मेन्शियस नांवाच्या एका शिक्षकानें देऊन ठेविलें आहे. तो कन्फ्यूशियस या थोर गुरूच्या परंपरेंतला. जन्म आजच्या शांतुंग प्रांतांत, इसवी सनापूर्वीं ३७२ च्या सुमारास. मुलास चांगली संगत लाभावी म्हणून त्याच्या आईनें तीनदां बिऱ्हाड हलविलें व शेवटीं शाळेजवळ घर केलें, अशी कथा चिनी लोक अजून सांगतात. मोठेपणीं तो राजाराजांच्या दरबारीं उपदेश करीत हिंडला.

एका राजधानीजवळच्या डोंगराचा दाखला तो देई. त्या डोंगरावर रोज कुऱ्हाड चाले. दंवपावसानें पुन्हां कोंब फुटत, तर गुरेंमेंढरें ते खाऊन टाकीत. येणाराजाणारा तो उघडा डोंगर पाहून म्हणे, येथें झाडें नव्हतींच! मेन्शियसचें म्हणणें असें कीं, हा डोंगराचा स्वभाव नव्हे; आणि माणसाचेंही तसेंच आहे. विहिरींत पडूं लागलेलें मूल पाहून कोणाच्याही काळजांत धस्स होतें. दयेचें, लाजेचें, बरेंवाईट ओळखण्याचें बीं प्रत्येकाच्या पोटीं असतें. आम्ही एवढेंच जोडतों कीं, तें काळीज त्या मुलाची जात विचारीत नाहीं.

पण नुसत्या बियानें पीक येत नाहीं. म्हणून त्यानें राजांस बजाविलें कीं, शेतीच्या दिवसांत रयतेस वेठीस धरूं नका, कर हलके करा, आधीं पोटाची सोय लावा आणि मग शाळा काढा. उपाशी ठेवून गुन्हा घडूं देणें व मग शिक्षा करणें म्हणजे रयतेस जाळ्यांत पकडणें होय. रयत पहिली, राजा शेवटचा, असें तो उघड सांगे. या विचाराचा धाक एवढा कीं, सुमारें सतराशें वर्षांनीं, १३९४ सालीं, मिंग घराण्याच्या पहिल्या बादशहानें त्याच्या ग्रंथांतले ८५ उतारे गाळून नवी प्रत काढविली. आणि हा बादशहा जन्मानें गरीब शेतकऱ्याचाच मुलगा! गादीवर बसलेला आपलाच मनुष्यही कुऱ्हाड कशी उचलतो, हें ध्यानांत ठेवावें.

तथापि मेन्शियसचें सर्वच आपणांस मान्य होणार नाहीं. राजानेंही रयतेबरोबर शेतांत राबावें, असें म्हणणारा शू-शिंग नांवाचा पुरुष त्याच काळीं होता. मेन्शियसनें त्याचें खंडन केलें. बुद्धीनें राबणारानें कारभार पाहावा व हातानें राबणारानें त्यास पोसावें, असा त्याचा निवाडा. हा निवाडा आपल्या चांगला ओळखीचा आहे! जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें हेंच गाऱ्हाणें मांडलें कीं, सारा येतो शेतकऱ्याच्या घामांतून आणि त्या पैशावर शिकतात वरच्या जातींचे लोक. मेन्शियसनें कुऱ्हाड ओळखली खरी, पण तिचा दांडा त्याच्या हातून सुटला नाहीं.

आतां आपल्या घराकडे पाहूं. कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरीपटावर मुलींच्या नांवापुढें गैरहजेरी लागत जाते. ही कुऱ्हाड कोणा परक्याची नव्हे. कर्जांत बुडालेल्या बापास नुसता दोष देऊन भागणार नाहीं. त्याच्या कापसास भाव हवा, हें तर आपण मोठ्यानें मागितलेंच पाहिजे. पण भाव येईपर्यंत कोंब थांबत नाहीं. तेव्हां बंधुभगिनींनो, वेचणीस एक मजूर कमी पडला तरी चालेल. मुलीस शाळेंत पाठवा, आणि आपल्या पोरांना डोकें नाहीं असें म्हणणारास ते खुंट दाखवा.