गाडीचं शेपूट

विनिपेगला नवीन आलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतोच, की इथे पेट्रोलच्या गाड्यांना पुढून वायरीचं शेपूट कशाला? तर मंडळी, ते ब्लॉक हीटरचं. उणे तीसमध्ये तेल काकवीसारखं घट्ट होतं, बॅटरीचा जोर उतरतो आणि गाडी नुसती कण्हते. हीटर इंजिनातलं कूलंट कोमट ठेवतो, म्हणजे आजूबाजूचं लोखंडही.

इथवर एकमत. पण प्लग रात्रभर लावून ठेवायचा, हे मला काही पटत नाही. ४०० वॉटचा हीटर बारा तासांत जवळजवळ पाच युनिट खातो. (पुण्यात गीझर चालू राहिला तर आई घर डोक्यावर घ्यायची!) इंजिन जेवढं तापायचं तेवढं दोन-चार तासांत तापतं, पुढची ऊब अंगणाला. त्यापेक्षा पहाटेचा टायमर लावावा.

आता कबुली. गेल्या जानेवारीत आमच्या टायमरचा काटा थंडीने अडकला आणि गाडी ढिम्म. बाबा तासभर विमानतळावर ताटकळले. तेव्हापासून बायको संध्याकाळीच प्लग थेट भिंतीत खोचते. मी नवा टायमर आणलाय, तो झोपायच्या आधी बाहेर जाऊन तपासतोही. बाबा फोनवर म्हणाले, "अरे, पाच युनिटांचे पैसे मी देतो!"