पॉम्प्लेटची उगवण चाचणी



या पेजवर मी राजकारण लिहीत नाही हे तुम्हाला माहीत आहे. वाण, फवारणी, पाऊस, बाजार, एवढंच आपलं. पण झेडपी आणि पंचायत समितीची निवडणूक लागली आणि आठ दिवसांत घरात चार उमेदवारांची पॉम्प्लेटं येऊन पडली. चौघंही शेतकऱ्याच्याच नावानं बोलायलेत, म्हणून शेतीच्या पेजवर त्यांचा हिशोब मांडतो. पक्ष, उमेदवार, गट, जिल्हा काहीच लिहिणार नाही. तसंही रंग सोडला तर चारही पत्रकं एकाच टाइपरायटरवर बडवल्यासारखी आहेत, नाव लिहून फरक पडत नाही.

आपण सोयाबीनची बॅग आणतो तेव्हा काय बघतो? टॅग. निळा टॅग म्हणजे प्रमाणित, पांढरा म्हणजे पायाभूत. त्यावर वाण, लॉट नंबर, तपासणीची तारीख, वैधता, आणि उगवण किमान 70 टक्के. एवढं छापलेलं असूनही आपण घरी 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो, आणि किती कोंब आले ते मोजतो. कारण पेरल्यावर दुकानदार म्हणतो पाऊस कमी पडला, कंपनी म्हणते खोल पेरलं. बोंब मारून उपयोग नसतो.

मग पाच वर्षांसाठी जो पेरायचा त्याच्या टॅगवर काय आहे? वरती नेत्यांच्या फोटोंची रांग, मधे हात जोडलेला उमेदवार, खाली कार्यकर्त्यांचे बारके फोटो. कार्यसम्राट, जनसेवक, शेतकरीपुत्र, हक्काचा माणूस. लॉट नंबर नाही, वैधता नाही. म्हटलं आपणच चाचणी घेऊ. चारही पत्रकांतली आश्वासनं एका वहीत उतरवली. दोन-तीनदा आलेली एकदाच धरली, तरी 41 भरली. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: हे काम झेडपीच्या किंवा पंचायत समितीच्या हातात आहे का? 41 पैकी 9 आली. म्हणजे 22 टक्के. एवढ्या उगवणीचं बियाणं फुकट दिलं तरी कुणी रानात टाकणार नाही.

न उगवलेली कोणती, ते बघा.

कर्जमाफी चारही पत्रकांत आहे. कर्जमाफी राज्य सरकार करतं, त्यात झेडपी मेंबरची सही कुठं लागत नाही. सोयाबीनला हमीभाव तिघांनी लिहिलाय. हमीभाव केंद्र सरकार जाहीर करतं. 2025-26 च्या हंगामात तो 5,328 रुपये होता आणि आपण बाजारात काय भावानं घातलं ते आपल्याला ठाऊक आहे. एकानं कांदा निर्यात खुली ठेवू असं छापलंय. निर्यातबंदी डिसेंबर 2023 मध्ये दिल्लीनं घातली, मे 2024 मध्ये दिल्लीनं उठवली, आणि निर्यातशुल्क 1 एप्रिल 2025 ला दिल्लीनंच काढलं. आमच्या गटाचा मेंबर त्यात काय करणार होता, ते त्यानंच सांगावं. दिवसा वीज महावितरणकडं. सोलर पंपाची यादी पण तिकडंच. पीकविमा मिळवून देऊ म्हणतात. विमा कापणी प्रयोगाच्या आकड्यावर ठरतो, मेंबरच्या फोनवर नाही. प्रत्येक शेताला रस्ता देणार म्हणतात. अडवलेला रस्ता खुला करायचा अधिकार तहसीलदाराचा आहे, मामलेदार कोर्ट कायदा 1906 चा आहे. अर्ज तिथं करायचा असतो, प्रचाराच्या गाडीपाशी नाही.

सगळ्यात राग आला तो अतिवृष्टीच्या ओळीचा. "अतिवृष्टीचे अनुदान मिळवून दिले" असं एकानं ठळक अक्षरात टाकलंय. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात काय झालं ते मी सांगायला नको. नदीकाठच्या रानात मातीच राहिली नाही. पंचनामे तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवकांनी केले. पैसे महसूल खात्याकडून थेट खात्यावर आले. जिरायतीला हेक्टरी 8,500 हा दर नियमातच ठरलेला आहे. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47,000 रोख आणि रोजगार हमीतून 3 लाखांपर्यंत, ही घोषणा ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारनं केली. तेव्हा झेडपीला एकही निवडून आलेला मेंबर नव्हता. मार्च 2022 पासून प्रशासक बसलेला होता. मग भाऊ, तुम्ही कोणत्या खुर्चीत बसून मिळवून दिलं? दुसऱ्याच्या रानातली रास आपल्या ट्रॉलीत भरायची ही सवय इथूनच लागते.

आता कुणी म्हणेल, आबा, पत्रक हे पत्रक असतं, लग्नपत्रिकेसारखं. कोण वाचतंय? शेजारी मला हेच म्हणाला. "पाच वर्षांतनं एकदा चहा पाजायलेत, प्या की गप." चहाला माझी ना नाही. पण मला वाटतं हे पत्रक बिनडोकपणे छापलेलं नाही, हुशारीनं छापलेलं आहे. जे काम आपल्या हातात नाही ते लिहिलं की पाच वर्षांनी जाब देता येतो: "आम्ही मागणी केली होती, वरून झालं नाही." आणि जे आपल्या हातात आहे ते लिहिलं तर माणसं मोजून विचारतील. म्हणून ते लिहायचंच नाही.

हातात काय आहे? 1961 चा कायदा आहे, 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा चालू आहेत. 100 हेक्टरपर्यंत सिंचनाचे बंधारे आणि पाझर तलाव झेडपीच्या लघुपाटबंधारे विभागाकडं. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग झेडपीकडं. प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्र, जनावरांचे दवाखाने. नवीन विहिरीची आंबेडकर स्वावलंबन आणि बिरसा मुंडा योजना झेडपीच्या कृषी विभागातून. खताच्या दुकानात जाऊन नमुना काढायचा अधिकार पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याला आहे. बोगस खताच्या नावानं आपण शिव्या कुणाला देतो? कंपनीला. नमुने किती काढले हे पंचायत समितीच्या सभेत विचारणारा माणूस आपणच निवडायचा असतो.

माझ्यासाठी यातलं एकच काम मतदानाला पुरेसं आहे, ते म्हणजे बंधारा.

आमच्या शिवारात ओढ्यावर कोल्हापुरी बंधारा आहे, 12 गाळ्यांचा. परतीचा पाऊस थांबला की गाळ्यांत प्लेटा टाकायच्या, रबर लावायचं, पाणी अडवायचं. पावसाळ्याच्या आधी प्लेटा काढून ठेवायच्या. यात काही रॉकेट सायन्स नाही. यंदा पाऊस लांबला, तरी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ओढा चांगला वाहत होता. प्लेटा टाकायला माणूस आला नाही. डिसेंबरमध्ये आला तेव्हा ओढ्यात धार उरली होती करंगळीएवढी.

मी स्वतः जाऊन प्लेटा मोजल्या. एका गाळ्याला 5 या हिशोबानं 60 पाहिजेत. बंधाऱ्याच्या बाजूला ढिगात 38 आहेत, त्यातल्या काही गंजून चाळणी झालेल्या. रबर कुठंच नाही. बाकीच्या 22 भंगारात गेल्या का कुणाच्या गोठ्यावर, देवाला माहीत. आणि यात गंमत अशी की दोन गाळे उघडे राहिले तर दहा बंद करून उपयोग नाही, पाणी तिथून निघून जातं. म्हणजे 38 प्लेटा असणं आणि एकही नसणं सारखंच. बंधारा मात्र सरकारी कागदावर सिंचन करतो.

याचा हिशोब रुपयात करा. हरभऱ्याला फुलोऱ्यात एक आणि घाटे भरताना एक पाणी मिळावं अशी कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. माझ्या रानात कोरडवाहू हरभरा एकरी 4-5 क्विंटल येतो. एक पाणी बसलं तर दोन क्विंटलचा फरक पडतो, हा माझा दहा-बारा वर्षांचा अनुभव. माझा हरभरा तीन एकर. म्हणजे सहा क्विंटल. हमीभाव 5,875 धरला तर 35,250 रुपये. बाजारात कमी मिळेल, तरी तीस हजाराच्या आसपास. ओढ्याच्या काठाला माझ्यासारखे पंचवीस-तीस जण आहेत. सगळे मिळून किती होतात ते तुम्हीच गुणा, आणि मग 22 प्लेटा आणि रबर किती रुपयांत येतं ते एखाद्या वेल्डिंगवाल्याला विचारा.

चार पत्रकांत मिळून बंधारा हा शब्द एकदा आलाय. "जलसंधारणाची भरीव कामे" असा. भरीव म्हणजे काय ते लिहिलेलं नाही.

जनावरांच्या दवाखान्याचं तसंच. 2022 ला लंपी आला तेव्हा आठवा. गावठाणात बैल सुजून बसले होते, लस आली पण टोचायला माणूस कुठंय हे विचारत आपण फिरत होतो. दवाखाना आहे, बोर्ड आहे, डॉक्टरचं पद रिकामं. भरतीचा आदेश मेंबर काढत नाही हे मलाही कळतं, पण पद किती दिवस रिकामं आहे हे सभागृहात इतिवृत्तात आणणं त्याचं काम आहे. तेव्हा सभागृहच नव्हतं. ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभागांचा वाद, कोर्ट, तारखा. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं तेव्हा कुठं गाडी हलली. जवळजवळ चार वर्षं झेडपीत आपला एकही माणूस नव्हता. वित्त आयोगाचा पैसा निवडून आलेली बॉडी नसेल तर अडतो, तोही मुद्दा आहे. मला आश्चर्य याचं वाटतं की चारपैकी एकाही पत्रकात या चार वर्षांचा एक शब्द नाही. यातले दोघं माजी मेंबर आहेत. खुर्ची गेली तेव्हा यांनी मोर्चा काढला का? तिकिटासाठी मात्र मुंबईला चार चकरा झाल्या.

आणखी एक. चारपैकी दोन उमेदवार बाया आहेत. 50 टक्के आरक्षण आहे, चांगलंच आहे. पण पत्रकात बाईचा फोटो तिकिटाएवढा आणि नवऱ्याचा पानभर. मोबाईल नंबर नवऱ्याचा, मनोगत नवऱ्याचं, "माझ्या कार्यकाळात" हे शब्द पण त्याचेच. ताई, मत तुम्हाला द्यायचंय. विषय समितीच्या सभेत रजिस्टरवर सही तुमची लागणार आहे. दहा वर्षं बचत गटाचा हिशोब तुम्ही चोख ठेवला हे सगळ्या गावाला माहीत आहे, ते पत्रकात का नाही? मला विचाराल तर तेवढी एकच ओळ वाचून मी मत दिलं असतं.

"वर आपलं सरकार, निधी आणू" हे चौथं रडगाणं. निधी कसा येतो? मोठा वाटा जिल्हा नियोजन समितीतून. तिचे अध्यक्ष पालकमंत्री. त्या समितीवर झेडपी मेंबरमधून पण सभासद निवडून जातात. मग असं लिहा ना की मी त्या समितीवर जायचा प्रयत्न करीन आणि आपल्या ओढ्याचं काम आराखड्यात घालीन. झेडपीचा स्वतःचा पैसा थोडा आहे हे मान्य. पण तो आपलाच आहे. शेतसाऱ्यावरचा उपकर आपण भरतो. जमिनीच्या खरेदीखताला 1 टक्का जास्तीचं मुद्रांक शुल्क झेडपीसाठी लागतं, तेही आपण भरतो. "पैसा कमी आहे, पाच वर्षांत गटातले तीन बंधारे दुरुस्त होतील, चौथा होणार नाही" असं छापणारा एक जण येऊ द्या. त्याच्या फोटोखाली कोणतं चिन्ह आहे ते मी बघणार पण नाही.

पेजवर कृषी खात्यातले, विद्यापीठातले बरेच साहेब लोक आहेत. तुम्हाला आचारसंहिता आहे, तुम्ही बोलू नका. पण आम्हाला एवढं सांगा की एका प्लेटचं माप काय असतं, रबर किती वर्षं टिकतं, आणि दुरुस्तीचा प्रस्ताव कोणत्या नमुन्यात द्यायचा. हे तांत्रिक आहे, यात राजकारण नाही.

बाकीच्यांना एकच काम. मतदान दोन करायचे आहेत, एक गटाला आणि एक गणाला, तेव्हा दोन्ही उमेदवार दारात येणार. त्याच्या आधी आपल्या शिवारातला बंधारा मोजा. गाळे किती, प्लेटा किती, रबर आहे का, शेवटचं पाणी कोणत्या महिन्यात अडवलं. कोऱ्या कागदावर लिहा, खाली जागा सोडा, आणि चहा प्यायच्या आधी उमेदवाराला म्हणा, इथं सही करा. आमच्या 38 प्लेटांचे फोटो खाली टाकलेत. शेवटच्या फोटोत जी भोकं दिसतात ती गोळीबाराची नाहीत, गंजाची आहेत.