उतरत्या आकड्यांची वही

केनवड, मालेगाव, रिसोडच्या पेढ्यांवर सोयाबीन आणि तुरीच्या भावांची चर्चा रोज होते, गोल्फची क्वचितच. तरीही या खेळाचा हिशेब व्यापारी घरास फारसा परका वाटू नये. येथे आकडा घटणे म्हणजे प्रगती. मिळकतीची नव्हे, खर्चाची वही आहे ही.

साधारण मैदानावर अठरा होल असतात आणि निष्णात खेळाडूने ती 72 फटक्यांत पुरी करावीत, अशी अपेक्षा असते. त्यांतील 36 फटके, प्रत्येक होलमागे दोन, केवळ हिरवळीवर चेंडू हळुवार ढकलण्यासाठी धरलेले असतात. नवशिक्याची दृष्टी मात्र लांब फटक्यावर खिळते. शंभराच्या आत येणे हा हौशी खेळाडूचा पहिला टप्पा, नव्वद दुसरा. ऐंशीच्या आत फार थोडे पोहोचतात. बहुतेकांची गळती असते ती या शेवटच्या काही हातांत. किरकोळ खर्चानेच दुकान बसते, तसे.

प्रगती मोजण्यासाठी हॅंडिकॅप असतो. 2020 पासून जगभर एकच पद्धत लागू झाली: शेवटच्या वीस डावांपैकी उत्तम आठांची सरासरी, मैदानाच्या अवघडपणानुसार जुळवून. एखादा वाईट दिवस त्यामुळे फारसा बाधत नाही. पण एकविसावा डाव आला की सर्वांत जुना गळतो, मग तो कितीही देखणा असो. 28 हॅंडिकॅपचा नवखा 98 फटक्यांत आला, तर त्याचे निव्वळ 70 होतात. 6 हॅंडिकॅपचा जाणता 79 मध्ये आला, तर 73. नवखा जिंकला. आणि येथेच मोह आहे. चांगले डाव नोंदवायचेच नाहीत, हॅंडिकॅप फुगलेला ठेवायचा, स्पर्धेत बाजी मारायची. खोटी तूट दाखवणाऱ्या वहीचाच हा भाऊ.

बॉबी जोन्स हा अमेरिकेचा खेळाडू अखेरपर्यंत हौशीच राहिला, पोटासाठी वकिली. 1921 साली, एकोणिसाव्या वर्षी, सेंट अँड्र्यूजच्या वाळूत चेंडू अडकला तेव्हा रागाने त्याने स्पर्धाच सोडून दिली. 1925 च्या अमेरिकन ओपनमध्ये गवतात त्याचा चेंडू किंचित हलला. कोणी पाहिले नव्हते. पंचांनी निर्णय त्याच्यावर सोपविला आणि त्याने स्वतःच्या नावे एक फटका दंड लिहून घेतला. स्पर्धा बरोबरीत सुटली. फेरलढतीत तो हरला. तो एक फटका नसता, तर फेरलढतीची वेळच आली नसती. 1927 मध्ये त्याच सेंट अँड्र्यूजवर तो ब्रिटिश ओपन जिंकला, आणि 1930 साली एकाच वर्षी चारही मोठ्या स्पर्धा जिंकून, अठ्ठाविसाव्या वर्षी, स्पर्धांतून निवृत्त झाला.

भारतात हा खेळ जुना आहे. कोलकात्याचा क्लब 1829 चा, मुंबईचा 1842 चा. 1965 साली पी. जी. ऊर्फ बिल्लू सेठी यांनी व्यावसायिकांना मागे टाकून इंडियन ओपन जिंकली. त्यानंतर भारतीय विजेता पाहण्यास 1991 पर्यंत, अली शेर यांच्यापर्यंत, थांबावे लागले. सेठी हौशी होते. विजेत्याच्या रोख बक्षिसावर त्यांचा हक्क नव्हता.